वसंताची चाहूल : शिवारातील खुणा व त्यांचा शेतीस उपयोग

माघ महिन्यातील एखाद्या सकाळी शेतकरी नेहमीप्रमाणे शेताकडे निघतो आणि बांधावरचे गवत तुडविताना पायांना ओल लागत नाही, ही गोष्ट त्याच्या ध्यानात येते. आठ दिवसांपूर्वी याच वाटेवर दवाने पाय भिजत होते. अंगावरची घोंगडी तो सकाळी लवकरच काढून खांद्यावर टाकतो. ओढ्याकाठच्या काटेसावरीवर एकही पान उरलेले नसते. पण फांद्यांच्या टोकांशी लाल फुले उमललेली असतात व त्यांवर साळुंक्यांचा गलबला चाललेला असतो. थंडी ओसरू लागली व वसंत ऋतू उंबरठ्याशी आला, हे सांगणाऱ्या या खुणा होत.

या खुणा आपल्या वाडवडिलांना ठाऊक होत्या आणि त्यांवरून ते कामाची वेळ ठरवीत असत. आज घड्याळ, दिनदर्शिका व हवामानाचा अंदाज ही साधने प्रत्येकाच्या हाती आली आहेत. ती अवश्य वापरावीत. परंतु जिल्ह्याचा अंदाज हा जिल्ह्याचा असतो. आपल्या गावच्या खोलगट रानात थंडी किती दिवस रेंगाळते व माळावर ऊन किती लवकर तापते, हे आपल्या शिवारातील झाडेच अधिक नेमकेपणाने सांगू शकतात. सबब या खुणा कोणत्या, त्या कशामुळे दिसतात व त्यांवरून कोणती कामे हाती घ्यावीत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पंचांगातील वसंत व शिवारातील वसंत

चैत्र व वैशाख हे वसंत ऋतूचे महिने मानले जातात. वसंतपंचमी मात्र माघ शुद्ध पंचमीस येते. वरवर पाहता यात विसंगती वाटेल, परंतु शिवारात फिरणाऱ्यास तशी ती वाटत नाही. ऋतूचा भर चैत्रात असला, तरी त्याची चाहूल माघातच लागते.

ही चाहूल लागण्याचे मूळ कारण सूर्याच्या गतीत आहे. 21 किंवा 22 डिसेंबरला आपल्याकडे दिवस सर्वांत लहान, म्हणजे सुमारे अकरा तासांचा असतो. तेथून तो वाढू लागतो. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो असे आपण म्हणतो, ते या वाढीचेच वर्णन होय. 20 किंवा 21 मार्चच्या सुमारास दिवस व रात्र जवळजवळ समान होतात. जमिनीस मिळणारे ऊन या तीन महिन्यांत सतत वाढत जाते, रात्री लहान होतात व जमिनीतील ऊब रात्रीतून निघून जाण्यास पूर्वीइतका अवधी मिळत नाही. वनस्पती व पक्षी यांना दिवसाच्या लांबीतील व उष्णतेतील हा फरक कळतो आणि ते त्याप्रमाणे वागू लागतात.

येथे एक गोष्ट ग्रामकार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांच्या निदर्शनास अवश्य आणावी. "महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते" आणि "होळी जळाली, थंडी पळाली" अशा म्हणी आपल्याकडे रूढ आहेत. त्या अनुभवातून आलेल्या आहेत व स्थूलमानाने खऱ्याही आहेत. परंतु सण चांद्रमासाप्रमाणे येतात, तर झाडे सूर्याप्रमाणे चालतात. चांद्रवर्ष सुमारे 354 दिवसांचे असल्याने सण दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरतात आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जातात. 2021 साली महाशिवरात्र 11 मार्च रोजी होती. 2023 साली ती 18 फेब्रुवारीस आली. 2026 साली 15 फेब्रुवारीस. म्हणजे पाच वर्षांच्या आतच या एका सणात तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडले. गव्हाला शेवटचे पाणी देण्याच्या बाबतीत तीन आठवड्यांची चूक मुळीच परवडणारी नाही. म्हणून सण आनंदाने साजरे करावेत. शेतातील कामाची नोंद मात्र इंग्रजी तारखेने ठेवावी व झाडांच्या खुणेशी ताडून पाहावी.

पाने गळतात आणि फुले येतात, असे का?

आपल्या पठारावरील पुष्कळशी झाडे पानझडीची आहेत. पावसाळा संपून तीन-चार महिने लोटले की जमिनीच्या वरच्या थरातील ओल कमी होते. पानांवाटे पाणी सतत हवेत जात असते. ते वाचविण्यासाठी झाड आपली पाने टाकून देते. ही झाडाने केलेली पाण्याची काटकसर होय.

परंतु त्याच निष्पर्ण झाडावर फुले येतात, याचे अनेकांस नवल वाटते. त्यातही झाडाचा हिशेब आहे. पानांचा पडदा नसल्याने लाल-केशरी फुले दुरून दिसतात व पक्षी आणि मधमाश्या त्यांकडे सहज येतात. त्यांच्यामुळे परागीभवन होते. पुढे फळे व शेंगा कडक उन्हाळ्यात पिकतात, वाऱ्यावर बी दूरवर पसरते आणि ते जमिनीवर पडते न पडते तोच पाऊस सुरू होतो. सावरीचा कापूस वैशाखात उडताना सर्वांनी पाहिला आहे. पळसाची चपटी शेंग टोकाशी एकच बी घेऊन वाऱ्याबरोबर जाते. पावसाळ्याच्या तोंडावर बी रुजावे म्हणून फुलोरा वसंतात, असा हा क्रम आहे. मृगाची पेरणी साधण्यासाठी शेतकरी जी नांगरट उन्हाळ्यात करून ठेवतो, तशीच ही झाडाची पूर्वतयारी समजावी.

कडुनिंब, पिंपळ यांसारखी झाडे याच दिवसांत जुनी पाने टाकून तांबूस कोवळी पालवी घेतात. यांची मुळे खोल जातात व खालच्या थरातील पाण्यावर त्यांची पालवी भर उन्हातही तगून राहते. गुढीपाडव्यास कडुनिंबाची जी कोवळी पाने आपण घेतो, ती याच नव्या पालवीची.

खुणांचा क्रम

सर्व खुणा एकदम दिसत नाहीत. त्या एकीमागून एक येतात आणि हा क्रम स्थूलमानाने ठरलेला असतो. कोकण, घाटमाथा, देश, मराठवाडा, खानदेश व विदर्भ यांत काही दिवसांचा फरक पडतो; एकाच गावात डोंगराच्या उत्तर व दक्षिण उतारांवरही फरक पडतो. तथापि देशावरील एखाद्या सामान्य गावी पुढील क्रम आढळेल.

जानेवारीच्या उत्तरार्धात काटेसावर पाने टाकून फुलू लागते. शेवग्यास पांढऱ्या फुलांचे घोस येतात. आंब्याचा मोहोर दिसू लागतो. कोकणात तो बऱ्याच आधी, थंडी पडताच निघालेला असतो. बोरी झडत येतात.

फेब्रुवारीत पांगारा व पळस फुलतात. पळसाच्या बाबतीत प्रथम काळपट मखमली कळ्या दिसतात व मग आठ-दहा दिवसांत सारा माळ केशरी होतो. पिंपळाची पाने गळून नवी पालवी चमकू लागते. पहाटेचे दव बंद होते. सकाळ गार व दुपार कडक, असा दिवसातील तापमानाचा मोठा फरक याच दिवसांत जाणवतो.

मार्चमध्ये कडुनिंबाखाली पिवळ्या पानांचा सडा पडतो व फांद्यांवर तांबूस पालवी येते. मोहाची फुले पहाटे गळू लागतात. दुपारी मोकळ्या रानातून पहिली वावटळ उठते. जमीन तापून तिच्यालगतची हवा वेगाने वर जाऊ लागल्याचे हे चिन्ह होय. करंजाची पालवी व मागाहून फुले येतात. येथे वसंताची चाहूल संपली व वसंत प्रत्यक्ष आला असे समजावे.

पक्षी व मधमाश्या

थंडीत अबोल असलेला कोकीळ माघाच्या शेवटास एक-दोन वेळा घसा साफ केल्यासारखा बोलतो आणि फाल्गुनात मोकळ्या कंठाने गाऊ लागतो. हा गाणारा पक्षी नर असतो. कावळ्यांची घरटी बांधण्याची वेळ जवळ आली की कोकिळांची ही गडबड वाढते, कारण कोकिळेला आपली अंडी त्यांच्या घरट्यांत घालावयाची असतात. वडा-पिंपळावर बसून एकसारखा टुक् टुक् असा ठोका देणारा तांबट पक्षी ऊन वाढेल तसा अधिक बोलू लागतो. दयाळ पहाटे शीळ घालतो. उलटपक्षी, हिवाळ्यात पाटाच्या कडेने शेपटी हलवीत फिरणारे परीट पक्षी मार्च-एप्रिलमध्ये दिसेनासे होतात. ते उत्तरेकडे परत गेलेले असतात. ज्वारीच्या कणसांवर थव्याने उतरणाऱ्या भोरड्याही परतीच्या वाटेस लागण्यापूर्वी सावरी-पळसाच्या फुलांवर गर्दी करतात. कोण आले याबरोबर कोण गेले, हेही पाहणाऱ्याने टिपावे.

मधमाश्यांकडे मात्र अधिक बारकाईने लक्ष द्यावे, कारण येथे शेतकऱ्याचा प्रत्यक्ष नफा-तोटा आहे. फुलोरा वाढला की सातेरी मधमाश्यांच्या वसाहतीत पिलावा वाढतो आणि वसाहती विभागून नवे थवे बाहेर पडतात. झाडाच्या फांदीला माश्यांचा घोस लटकलेला दिसल्यास त्यास धूर देऊन किंवा दगड मारून हुसकावू नये. जवळच्या मधपाळास कळवावे. कांदा-बी, सूर्यफूल, कलिंगड, काकडीवर्गीय पिके व आंबा यांची फळधारणा मधमाश्या, माश्या व इतर कीटक यांवर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. सबब फुले पूर्ण उमललेली असताना कीटकनाशकाची फवारणी टाळावी. मोहोराचे संरक्षण फुले उमलण्यापूर्वी व फळे धरल्यानंतर करावे. मध्येच फवारणी अपरिहार्य झाल्यास ती मधमाश्या परतल्यावर सायंकाळी करावी.

खुणेवरून काम

आता प्रत्यक्ष पिकांकडे वळू. समजा, एका गावात दोन शेजारी शेतकरी आहेत व दोघांचाही गहू एकाच दिवशी पेरलेला आहे. पहिला शेतकरी दर पंधरा दिवसांनी पाणी द्यावयाचे असा नेम ठेवून तो पाळतो. दुसरा पळस नेहमीपेक्षा आधी फुलला, दव आठ दिवस आधीच बंद झाले, ही गोष्ट टिपतो. ओंबी हाताने चेपून दाणा चिकात आहे असे पाहतो आणि पाण्याची पाळी चार-पाच दिवस अलीकडे घेतो. त्या वर्षी ऊन अकाली तापले, तर दुसऱ्याचा दाणा भरेल व पहिल्याचा चिरमटेल. खतात, बियाण्यात व कष्टात दोघांत काही अंतर नाही. अंतर आहे ते पाहण्यात.

गव्हाच्या दाण्यात सत्त्व भरण्यास थंड हवा लागते. दुपारचे तापमान 30 अंश सेल्सियसच्या पुढे रोज जाऊ लागले की दाणा भरण्याचा काळ आखडतो व पीक लवकर पिवळे पडते. हा धोका काल्पनिक नाही. मार्च 2022 हा देशात 1901 पासूनच्या नोंदींतील सर्वांत उष्ण मार्च ठरला. उत्तर भारतातील गव्हाचे त्यामुळे नुकसान झाले आणि त्याच वर्षी 13 मे रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली. पुढील वर्षी फेब्रुवारी 2023 चे सरासरी कमाल तापमान त्या महिन्यापुरते 1901 पासूनचे सर्वाधिक होते. म्हणजे वसंताची चाहूल लवकर लागण्याचे प्रसंग आता वारंवार येऊ लागले आहेत आणि त्या चाहुलीकडे दुर्लक्ष करणे पूर्वीपेक्षा महाग पडणार आहे.

गव्हास मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी, कांडी धरताना, फुलोऱ्यात व दाणे भरताना पाण्याची विशेष गरज असते. यांपैकी शेवटच्या दोन अवस्था वसंताच्या चाहुलीच्या दिवसांत येतात. या वेळी पाणी हलके व वेळेवर द्यावे. सोसाट्याचा वारा असताना पाणी देऊ नये, कारण भिजलेल्या जमिनीत ओंब्यांनी जड झालेले पीक लोळते.

हरभऱ्याचे घाटे या दिवसांत झपाट्याने वाळतात. पाने पिवळी पडून घाटे वाळले की काढणीस विलंब लावू नये. उन्हाच्या वेळी काढणी केल्यास घाटे तडकून दाणे जमिनीवर सांडतात. काढणी पहाटे, हवेत थोडा दमटपणा असताना करावी.

रब्बी ज्वारी पक्व झाली किंवा कसे, हे ताटाच्या रंगावरून ठरवू नये. कणसातील दाणा काढून त्याच्या खालच्या टोकाशी काळा ठिपका दिसतो किंवा नाही ते पाहावे. ठिपका दिसला की दाण्यात आणखी सत्त्व भरावयाचे नाही असे समजून काढणी करावी. कडबा फार वाळू दिल्यास त्याची पाने झडतात व जनावरांच्या दृष्टीने त्याचा कस कमी होतो.

उन्हाळी भुईमुगाची पेरणी साधारणतः 15 जानेवारी ते 15 फेब्रुवारी या काळात करतात. या मुदतीत नेमका दिवस कोणता, हे ठरविताना थंडीकडे पाहावे. जमीन गार असताना पेरलेले बी उगवण्यास वेळ घेते व काही ठिकाणी कुजते; फार उशीर केल्यास शेंगा वळवाच्या पावसात सापडतात. रात्रीच्या थंडीचा कडाका मोडला, दव कमी झाले, सावर फुलली, की वाफसा पाहून पेरणी उरकावी.

रब्बी कांद्यावर ऊन वाढताच फुलकिड्यांचा उपद्रव वाढतो. पातीच्या बेचक्यात बारीक पिवळसर कीटक व पातीवर पांढुरके चट्टे दिसतात. पळस फुलू लागला की दर तीन-चार दिवसांनी पाती उलगडून पाहावी. पुढे निम्म्याहून अधिक झाडांच्या माना पडल्या की काढणी करावी, आणि त्यापूर्वी दोन-तीन आठवडे पाणी तोडावे, म्हणजे कांदा चाळीत टिकतो.

आंब्याचा मोहोर ही वसंताची सर्वांत प्रिय खूण आहे. परंतु मोहोर दिसला म्हणजे आंबा हाती आला असे नाही. आभाळ आले व हवा दमट झाली की तुडतुडे व भुरी यांचा प्रादुर्भाव वाढतो. मोहोरावर व पानांवर चिकट, चकाकणारा थर दिसणे ही तुडतुड्यांची खूण व मोहोरावर पांढरी पूड पसरणे ही भुरीची खूण होय. मोहोर हलवून पाहण्याची सवय ठेवावी. कोकणात थंडी उशिरा परतल्यास फळे धरलेल्या फांदीवर पुन्हा मोहोर येतो आणि आधीची बारीक फळे गळतात. असे दिसताच कृषि अधिकाऱ्याचा अथवा विद्यापीठातील तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

विदर्भात संत्र्याचा आंबिया बहारही याच सुमारास येतो. ताण तोडून पाणी दिल्यावर जी नवी पालवी व फुले येतात, त्या कोवळ्या पालवीवर सिला किडीची वाढ होते. बहाराच्या आनंदात पालवी तपासण्याचे विसरू नये.

फसव्या खुणा

वसंताची प्रत्येक खूण सुलक्षणी असते असे मानू नये. फेब्रुवारीत जुन्या कपाशीला पाणी मिळाले की तिला नवी पाती व फुले येतात आणि फरदड घेण्याचा मोह होतो. ही फुले म्हणजे गुलाबी बोंडअळीस दिलेले आमंत्रण होय. 2017 साली महाराष्ट्रातील कपाशीचे या अळीमुळे किती नुकसान झाले, ते शेतकरी विसरलेले नाहीत. अळीचा जीवनक्रम तुटावा म्हणून हंगाम संपताच कपाशी उपटून रान मोकळे करणे हाच इष्ट मार्ग आहे.

दुसरी फसगत हवेची. चार दिवस ऊब आली की थंडी गेली असे वाटते व पुन्हा आठ दिवस गारठा परततो. याकरिता एका खुणेवर विसंबू नये. झाड, पक्षी व हवा या तिन्हींकडून एकच सांगणे येत असेल, तरच ते पक्के समजावे.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ऋतू पालटतानाच्या या दिवसांत गारपीट होण्याचा संभव असतो. 2014 साली फेब्रुवारीअखेर व मार्चच्या पूर्वार्धात राज्यात झालेल्या गारपिटीने गहू, हरभरा, द्राक्षे व फळबागा यांची मोठी हानी केली. दुपारी कोंदटपणा वाटू लागला व हवामान खात्याने इशारा दिला, तर काढलेले पीक खळ्यावर उघडे ठेवू नये. ताडपत्री हाताशी असावी आणि जनावरे झाडाखाली न बांधता गोठ्यात घ्यावीत.

मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविण्याची पद्धत काही भागांत आहे. वाळलेल्या रानात ही आग हां हां म्हणता पसरते, कोवळी रोपे व पाखरांची घरटी जळतात आणि गवताबरोबर गावची गायरानेही जातात. पाचोळा झाडून बाजूस करावा व तोच खड्ड्यात भरून त्याचे खत करावे. पानगळीच्या दिवसांत निसर्ग जी पाने आयती देतो, ती जाळणे म्हणजे खताची गोणी जाळण्यासारखेच आहे. भाजीपाल्याच्या वाफ्यांत व फळझाडांच्या आळ्यांत हा पाचोळा पसरल्यास ओल टिकून राहते.

पाण्याचा हिशेब

वसंताची चाहूल म्हणजे विहिरीस दिलेली सूचना होय. ऊन व वारा वाढला की जमिनीतून व पिकांतून हवेत जाणारे पाणी वाढते. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे 10,000 लिटर पाणी होते. समजा, जानेवारीत पिकास रोज 5 मिलिमीटर पाणी लागत होते व मार्चअखेर ते 8 मिलिमीटर लागू लागले. म्हणजे प्रत्येक हेक्टरामागे दररोज 30,000 लिटर पाणी अधिक हवे. याचा अर्थ असा की, जी विहीर जानेवारीत दोन हेक्टर भिजवीत होती, ती मार्चअखेर तेवढ्याच उपशावर फार तर सव्वा हेक्टर भिजवील. आणि तिचा झरा तर तोवर आटत आलेला असतो.

म्हणून उन्हाळी पिकाचे क्षेत्र ठरविण्यापूर्वी विहिरीतील पाण्याची पातळी दोरी सोडून मोजावी व आठ दिवसांनी पुन्हा मोजावी. पाणी किती उतरते ते पाहूनच क्षेत्र ठरवावे. पिण्याचे पाणी व जनावरांचे पाणी यांचा वाटा प्रथम बाजूस काढावा. अर्धवट वाळलेल्या दोन हेक्टरांपेक्षा नीट पिकलेले एक हेक्टर केव्हाही हितावह.

खुणांची नोंदवही

या सर्व खुणा मनात ठेवून भागत नाही. मन मागील वर्ष लवकर विसरते. इंग्लंडातील नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने 1736 पासून आपल्या शिवारातील वसंताच्या खुणांची नोंद ठेवण्यास सुरुवात केली. पहिले फूल, पहिली पालवी, पक्ष्यांचा पहिला आवाज अशा 27 खुणा तो टिपीत असे. सुमारे साठ वर्षे त्याने हे काम केले व त्याच्या वंशजांनी ते 1958 पर्यंत चालविले. जपानमधील क्योतो येथे चेरीच्या बहाराच्या नोंदी बाराशे वर्षांपासूनच्या उपलब्ध आहेत. त्यांवरूनच 2021 साली 26 मार्चला आलेला पूर्ण बहार हा तोवरच्या साऱ्या काळातील सर्वांत लवकरचा ठरला. आपल्या देशातही हवामान व शेती यांचा संबंध अभ्यासण्यासाठी पुणे येथे 1932 सालीच हवामान खात्याचा कृषि विभाग सुरू झाला. परंतु प्रत्येक शिवारात शास्त्रज्ञ जाऊ शकत नाही. ते काम गावानेच करावयाचे आहे.

त्याची रीत सोपी आहे. गावातील एक काटेसावर, एक पळस, एक आंबा, एक पिंपळ व एक कडुनिंब अशी पाच झाडे निवडून त्यांवर खूण करावी. दरवर्षी तीच झाडे पाहावीत; आज हे व उद्या ते झाड पाहिल्यास तुलना करता येत नाही. प्रत्येकाचे पहिले फूल अथवा पहिली पालवी आणि पूर्ण फुलोरा यांच्या तारखा लिहाव्यात. त्याशिवाय शेवटचे दव, कोकिळाचा पहिला आवाज, पहिली वावटळ व विहिरीची पातळी या चार नोंदी कराव्यात. त्याच पानावर आपल्या पिकाची अवस्था व पडलेली कीड लिहावी. नोंदीत अंदाज नसावा; पाहिले तेच लिहावे, व ज्या दिवशी पाहिले नाही ती जागा कोरी ठेवावी.

हे काम गावच्या शाळेतील मुलांकडे सोपविल्यास उत्तम होते. मुलांची दृष्टी तीक्ष्ण असते व शाळेच्या वाटेवरचे झाड ती रोज पाहतात. ग्रामकार्यकर्त्यांनी वही आखून द्यावी, पंधरवड्यातून एकदा ती तपासावी आणि पाडव्याच्या सुमारास ग्रामसभेत वाचून दाखवावी. एका वर्षाच्या नोंदीवरून काही सिद्ध होत नाही. पाच वर्षांच्या नोंदी जमल्या की पळस फुलल्यापासून किती दिवसांनी आपल्या गावात फुलकिडे वाढतात, सावर फुलल्यापासून किती दिवसांनी थंडीचा कडाका मोडतो, असे गावापुरते ठोकताळे हाती येतील. कडुनिंबाच्या फुलोऱ्यावरून निंबोळ्या केव्हा गोळा कराव्यात, याचाही अंदाज आधी बांधता येईल.

उपसंहार

पळस दरवर्षी फुलतो व माळावरून जाणारा प्रत्येकजण तो पाहतो. परंतु तो गतवर्षी कोणत्या तारखेस फुलला होता, असे विचारल्यास गावात उत्तर देणारा क्वचितच सापडेल. या एका प्रश्नाचे उत्तर ज्या गावाजवळ असेल, ते गाव ऊन लवकर तापले तरी गाफील सापडणार नाही. शेतकरी बंधू-भगिनींनी यंदा थंडी सरण्यापूर्वीच पाच झाडे निवडावीत, वहीचे पहिले पान आखावे आणि सावरीचे पहिले फूल उमलेल त्या दिवशी त्यावर पहिली तारीख लिहावी.